बेटावरची वस्ती : पुण्यातून चाललेल्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार, कोथरूड

आम्ही काही जण मिळून एका लहान बेटावर शाश्वत वस्ती उभी करायच्या तयारीत आहोत, त्यातला बेट कुठलं हा प्रश्न आज निकालात निघाला. फिजी. तिथलं दोन नंबरचं मोठं बेट वनुआ लेवू, त्याच्या उत्तर किनाऱ्यासमोर लहान बेटं आहेत त्यातलं एक, जवळचं मोठं गाव लम्बासा. बेटाचं नाव इथे लिहीत नाहीये कारण तिथल्या लोकांनी अजून हो म्हटलेलं नाही, आणि त्यांच्या आधी आपणच नाव फिरवत बसायचं हे बरोबर दिसत नाही.

आपल्या देशात का नाही हे नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो म्हणून एकदाच लिहून ठेवते. लक्षद्वीपची ३६ बेटं सगळी मिळून ३२ चौरस किलोमीटर, त्यातल्या दहावर वस्ती, २०११ च्या जनगणनेत ६४ हजारांच्या वर माणसं. बाहेरच्याला तिथे जायला परमिट लागतं, जमीन तर घेताच येत नाही, आणि ते योग्यच आहे, त्यांनाच जागा पुरत नाही. अंदमानात बहुतेक भाग जंगल, शिवाय १९५६ च्या कायद्याने आदिवासींसाठी राखून ठेवलेला भाग वेगळा. तिथे जाऊन झाडं पाडायची आणि त्याला शाश्वत वस्ती म्हणायचं हे आमच्यातल्या एकालाही मान्य नाही. फिजीत बहुतेक जमीन विकत मिळत नसली तरी मूळ मालकांकडून रीतसर भाडेपट्ट्याने मिळू शकते, म्हणजे मालक कोण हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट असतं. मला हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटला.

काय करायचंय ते थोडक्यात. एक स्वयंपाकघर, आठ लहान घरं, एक वर्कशॉप, सोलर, बाग. पाणी फक्त पावसाचं. डिझेल फक्त होडीपुरतं.

१९ जानेवारी

येणाऱ्यांची यादी ४० वर गेलीय. सगळे उत्साहात आहेत, पण किती जणांनी जायचं हे उत्साहावरून ठरत नाही, म्हणून आज मी फळ्यावर पाण्याचा हिशोब मांडला. नोकरीत इमारतींच्या पाण्याच्या लाइनी काढायचं काम इतकी वर्षं केलंय की कुठलीही जागा बघितली की आधी छप्पर आणि टाकी दिसते.

तर, एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आपली सगळी छपरं मिळून धरली ६०० चौरस मीटर. उडालेलं, सांडलेलं, पहिलं घाण पाणी सोडून दिलेलं असं २० टक्के वजा. म्हणजे १० मिलिमीटरची एक सर आली तर ४,८०० लिटर. तिथे नोव्हेंबर ते एप्रिल भरपूर पाऊस, त्यामुळे भरायला अडचण नाही, अडचण साठवायची आहे. मे ते ऑक्टोबर कोरडे महिने, आणि मी हिशोबाला धरलं की त्यात सलग १०० दिवस कामाचा पाऊसच आला नाही तर काय. माणशी ५० लिटर धरले (संडासाला पाणी शून्य, ते पुढे लिहीन) तर २४ माणसांना १ लाख २० हजार लिटर, म्हणजे १० हजारच्या १२ टाक्या. ४० माणसांना २ लाख, म्हणजे २० टाक्या. आणि टाकी नुसती विकत घेऊन भागत नाही, ती बार्जवर (सामान वाहणाऱ्या सपाट बोटीवर) चढवून बेटावर उतरवायची असते, तिच्यासाठी पाया करायचा असतो, वादळात रिकामी टाकी उडून जाते म्हणून बांधून ठेवायची असते.

लगेच विचारणा झाली की बोअर मारू, विहीर खणू. छोट्या बेटावर जमिनीखालचं गोडं पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत ते पसरलेलं असतं, त्यामुळे ऐकायला खूप वाटतं, पण अरुंद बेटावर तो वरचा मीटर मुळात नसतोच, काही सेंटीमीटर असतात. पंप लावून जोरात उपसा केला की खालून खारं पाणी वर चढतं आणि विहीर मचूळ होते, मग ती परत गोडी व्हायला पावसाळेच्या पावसाळे जातात. गावाची एखादी विहीर असेल तर आपल्या पंपाने ती बिघडायची शक्यता मी धरूच शकत नाही. बोअर नाही म्हणजे नाही.

मग समुद्राचं पाणी गोडं करण्याचा विषय निघाला. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला २००५ पासून दिवसाला १ लाख लिटरचा प्लांट आहे, पण तो खोल समुद्रातलं थंड पाणी मोठ्या पाइपने वर आणून चालतो, ते सरकारच्या ताकदीचं काम आहे. छोटं आरओ मशीन ठेवता येईल, फक्त अडीअडचणीला, कारण त्याला वीज खूप लागते आणि उरलेलं जास्त खारं पाणी प्रवाळावर सोडायचं नाहीये.

आकडा ठरला २४. काही चेहरे उतरले ते दिसलं मला.

२ फेब्रुवारी, रविवार

दिवे घाट चढून सासवड आणि तिथून पुढे नायगाव. ही चक्कर मीच आग्रहाने ठेवली होती. पाणी वाटायचं कसं हे शिकायला पॅसिफिकमध्ये जायची गरज नाही, पुरंदर तालुक्यात शिकता येतं.

१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे, पुण्यातले इंजिनियर आणि उद्योजक, त्यांनी इथे देवस्थानची ४० एकर माळरान जमीन भाडेपट्ट्याने घेऊन पाणी अडवायचं काम केलं, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आज परत परत वाचले. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर मिळणार. ज्याच्या घरात जास्त माणसं त्याला जास्त, माणशी अर्ध्या एकराच्या भिजवणीइतकं, आणि कुटुंबाला त्याची वरची मर्यादा. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. ऊस नाही. आणि योजनेच्या खर्चातला २० टक्के वाटा लोकांनी स्वतः उचलायचा, फुकट नाही.

उसावरची बंदी ऐकून आमच्यातल्या एका तरुण मुलाने विचारलं की आपल्याकडे ऊस कुठे आहे. मला वाटतं प्रत्येक वस्तीत एक ऊस असतोच. आपल्याकडे तो वॉशिंग मशीन असेल, किंवा पाहुण्यांसाठी खोल्या बांधून पैसे कमवायची कल्पना असेल, जी गेल्या महिन्यापासून दोघातिघांच्या बोलण्यात येतेय. पर्यटक पाणी आपल्यासारखं मोजून वापरणार नाही. येताना गाडीत यावर बरंच बोलणं झालं आणि सासवड यायच्या आत ठरलं, पहिली पाच वर्षं पाहुण्यांच्या खोल्या नाहीत.

वाटा माणशी. पैसे कोणी जास्त घातले म्हणून लिटर वाढणार नाहीत.

१० फेब्रुवारी

माणशी वाट्याचा नियम पक्का झाल्यावर काही कुटुंबांनी नाव मागे घेतलं. ज्यांनी मोठी रक्कम घालायची तयारी दाखवली होती तेच. टाक्यांचं बजेट आता परत बसवावं लागेल. तरीपण नियम बदलायचा नाही यावर बाकी सगळे ठाम आहेत, आणि याचा मला फार आनंद झाला.

२३ फेब्रुवारी

आज लम्बासाशी दीड तास बोलणं. पुण्यात दुपारचे १२ म्हणजे तिथे संध्याकाळचे साडेसहा, दोघांनाही सोयीची ही एकच वेळ. पलीकडचे काका तिथलेच, पणजोबा गिरमिटात (इंग्रजांच्या काळातल्या मजुरीच्या करारावर) गेलेले. ते फिजी हिंदीत बोलतात, सुरुवातीला भराभर गेलं तर थोडं सुटतं पण कान बसला की सगळं कळतं.

जमिनीची व्यवस्था त्यांनी नीट समजावली. देशातली ८७ टक्क्यांच्या आसपास जमीन मूळ फिजीयन कुळांची आहे. कुळाला मातांगाली म्हणतात. ही जमीन विकताच येत नाही, फक्त भाडेपट्टा, आणि तोसुद्धा त्यासाठीच्या सरकारी लँड ट्रस्ट बोर्डामार्फत. किनाऱ्यासमोरच्या समुद्रावरही परंपरेने कुळांचाच मासेमारीचा हक्क, त्या भागाला गोलीगोली म्हणतात. म्हणजे जमीन लीजवर घेतली तरी समोरच्या पाण्यात गळ टाकायचा हक्क आपोआप मिळत नाही, वेगळं विचारावं लागतं. गावाने ठरवलं की प्रवाळाचा एखादा भाग काही काळ बंद, तर तो सगळ्यांना बंद.

मग त्यांनी स्वतःच्या घरची गोष्ट सांगितली ती मी इथे जशी ऐकली तशी लिहितेय. १८७९ ते १९१६ या काळात हिंदुस्थानातून ६० हजारांच्या वर माणसं गिरमिटावर फिजीला नेली, ऊस पिकवायला. गिरमिट संपल्यावर बरेच तिथेच राहिले आणि भाड्याच्या जमिनीवर ऊस करत राहिले. ३० वर्षांचे पट्टे १९९७ पासून संपायला लागले, पुष्कळांचे पुन्हा झाले नाहीत. काकांच्या कुटुंबाने घर, विहीर, आंब्याची झाडं सगळं सोडलं. त्यांच्या बोलण्यात जमीनमालकांबद्दल कडवटपणा अजिबात नव्हता, ते म्हणाले जमीन त्यांची होती, त्यांना परत हवी होती, पण आम्ही जाण्याची तयारी कधी केलीच नव्हती.

यावरून मी आज प्रस्ताव लिहून ग्रुपवर टाकला. आपण जे काही बांधू ते पहिल्या दिवसापासून परत करण्यासारखं बांधायचं. टाक्या, छपरं, सोलर, पट्टा संपल्यावर सगळं कुळाला, चालू स्थितीत, आणि ते चालवणारी गावातली माणसंही तोपर्यंत शिकलेली हवीत. हे लीजमध्येच लिहायचं.

९ मार्च

घटना (आमचे नियम, दुसरा शब्द सापडत नाही) लिहायला बसलो. पैशाचं कलम पटकन झालं. निर्णय कसे घ्यायचे यावर संध्याकाळ गेली. बहुमत की सर्वसहमती.

गडचिरोलीतल्या मेंढा लेखाला आमच्यातली एक ताई कामानिमित्त राहून आलीय. तिथे ग्रामसभेत मतदान होत नाही, सगळ्यांना पटेपर्यंत बोलतात, आणि त्याच्या आधी अभ्यास गट बसून विषयाचा अभ्यास करतो, निर्णय मात्र ग्रामसभाच घेते. ताईंचं म्हणणं की लोक नुसती सर्वसहमती उचलतात आणि अभ्यास गट विसरतात, मग नुसत्या लांबलचक मीटिंगा होतात. मला हे फार पटलं. म्हणून आपल्याकडेही तसंच, पाणी, वीज, अन्न, आरोग्य या प्रत्येकाचा अभ्यास गट, त्यांनी कागद लिहून आणायचा, निर्णय सगळ्यांचा. अपवाद एकच, पाण्याचा रोजचा वाटा कमी करायचा असेल तर पाणी बघणारी व्यक्ती एकटी करू शकेल, वाढवायचा असेल तर सगळे लागतील.

बाहेर पडायचं कलम पण झालं. जाणाऱ्याला त्याची ठेव दोन वर्षांत परत, टाकीतला आणि घरातला वाटा विकता येणार नाही.

३० मार्च, पाडवा

आजपासून सासवडजवळच्या प्लॉटवर बेटासारखं मोजक्या पाण्यात राहून बघायला सुरुवात. दहा जण, पत्र्याची शेड, ५ हजारची एक टाकी. टाकी भरली की दहा दिवस दुसरं पाणी नाही.

१३ एप्रिल

टाकीच्या बाहेरून पारदर्शक नळी लावलीय, खालच्या टोकाला टाकीला जोडलेली, आणि शेजारच्या पट्टीवर दर १०० लिटरला खूण. सकाळी सात वाजता जो उठेल त्याने आकडा खडूने पाटीवर लिहायचा. एवढ्याने जो फरक पडला तो कुठल्याही भाषणाने पडला नसता. तिसऱ्या दिवसापासून लहान मुलंसुद्धा पाटी बघून बोलायला लागली.

आंघोळीला १५ लिटरची बादली पुरते. भांडी नळाखाली नाही, तीन टबात. पहिल्यात राखेने घासून बुडवायची, दुसऱ्यात विसळायची, तिसऱ्यात परत, आणि पहिल्या टबाचं पाणी संध्याकाळी केळीला. कपड्यांना सगळ्यात जास्त पाणी जातं, तिथे अजून नीट जमलेलं नाही. उन्हाळा प्रचंड आहे, पिण्याचं पाणीच माणशी चार-पाच लिटर लागतंय. सरासरी ४० च्या आसपास येतेय, ५० ची गरज नाही.

एका आजींना पोट बिघडल्यामुळे दोन दिवस खूप पाणी लागलं आणि त्यांना त्याचं वाईट वाटत राहिलं, परत परत सॉरी म्हणत होत्या. हे होता कामा नये. आजारपणाचं पाणी वाट्यात धरायचंच नाही, त्याची टाकी वेगळी.

संडास कोरडा. दोन कप्पे, एक वापरात, दुसरा वर्षभर बंद, दर वेळी वरून मूठभर नारळाच्या काथ्याचा भुसा. लघवी वेगळी काढून आठपट पाणी घालून केळी-पपईला. वास येत नाही, भुसा कोरडा असला तर. इथे शोषखड्डा चालला असता पण बेटाच्या रेताड जमिनीत शोषखड्ड्यातलं सगळं सरळ त्या गोड्या पाण्याच्या थरात उतरतं आणि तिथून प्रवाळावर, मग शेवाळ वाढून प्रवाळ गुदमरतं. त्यामुळे यात तडजोड नाही.

२७ एप्रिल

पैसे. आमचे सीए मित्र सांगतात, परदेशी पाठवायला माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आपण तिच्या जवळपासही नाही, पण १० लाखांच्या वर रक्कम गेली की बँक टीसीएस (आगाऊ कर) कापते, या १ एप्रिलपासून सात लाखांची मर्यादा १० झालीय. तो नंतर रिटर्नमध्ये मिळतो तरी तोवर पैसे अडकतात, टाक्यांची ऑर्डर त्याप्रमाणे दोन भागात.

२८ मे

पाऊस मे महिन्यातच आला. पन्हळी जूनच्या पहिल्या आठवड्यात लावायच्या असं ठरलं होतं, त्या धावपळ करून पंचवीस तारखेच्या आत लावल्या आणि पहिलं पाणी सोडून द्यायची यंत्रणा खऱ्या पावसावर तपासता आली.

ती अशी. पन्हळीतून येणारा पाइप टाकीकडे वळायच्या आधी एक उभा चार इंची पीव्हीसी पाइप खाली सोडलाय, तळाशी बुच. पाऊस सुरू झाला की पत्र्यावरची धूळ, पक्ष्यांची घाण, पानं सगळं घेऊन आलेलं पाणी आधी या उभ्या पाइपात भरतं. आत एक बॉल आहे, पाणी चढलं की तो तरंगत वर येऊन तोंड बंद करतो आणि मग पुढचं स्वच्छ पाणी टाकीत. चार इंची पाइपात मीटरला साधारण आठ लिटर मावतात, आपल्या ६० चौरस मीटरच्या शेडला तीन मीटर पाइप पुरेसा होईल असं मी काढलं होतं. बुच उघडून बघितलं तर अक्षरशः चहाच्या रंगाचं पाणी आलं, आणि टाकीत पडलेलं पाणी काचेच्या ग्लासात धरलं तर तळ दिसत होता. दर पावसानंतर बुच उघडून पाइप रिकामा करायची आठवण ठेवावी लागते, त्यासाठी बुचाला बारीक भोक ठेवलं की तासाभरात आपोआप थेंबथेंब रिकामा होतो.

टाकीच्या प्रत्येक तोंडाला बारीक जाळी. फिजीत मलेरिया नाही पण डेंग्यू आहे, आणि डासांना टाकी म्हणजे पाळणाघर.

१५ जून

अन्न गटाचा कागद आला. कसावा (ज्याचा आपण साबुदाणा खातो), रताळी, अळू, नारळ, केळी, नीरफणस, शेवगा. अळकुड्या तिथे मुख्य अन्न आणि पानांची भाजी नारळाच्या दुधात, म्हणजे आमच्या कोकणातल्या मंडळींना काही वेगळं वाटायचं कारण नाही. कोरड्या भागात अळूपेक्षा कसावा भरवशाचा. वादळाची सूचना आली की कसाव्याचे शेंडे छाटून टाकतात, वारा लागायला काही राहत नाही आणि जमिनीतला कंद वाचतो. नीरफणस खड्ड्यात पुरून आंबवून ठेवायची पद्धत पॅसिफिकमध्ये जुनी आहे, वादळानंतरच्या महिन्यांसाठी. हे तिथल्या बायकांकडून शिकायचं.

बऱ्याच जणांनी देशी बियाण्यांच्या पुड्या जमवल्यात, वाल, तूर, भोपळा. फिजीचे बायोसिक्युरिटीचे नियम कडक आहेत आणि बेटासाठी ते असलेच पाहिजेत, एक नवी कीड आली तर पळायला जागा नाही. बियाणं तिथलंच घ्यायचं. तूर तिथे गिरमिटियांच्या वंशजांकडे मिळते. पुड्या सासवडच्या प्लॉटवर पेरून टाकल्या.

घरांची चर्चा पण झाली. श्रीवर्धनच्या काकांची सुपारीची बाग ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आडवी झाली होती, घर मात्र राहिलं, चौपाखी छप्पर, उतार चारी बाजूंनी, वाऱ्याला धरायला सपाट भिंत नाही. फिजीत याहून मोठी वादळं येतात, २० फेब्रुवारी २०१६ च्या विन्स्टनमध्ये ४४ माणसं गेली, आणि १७ डिसेंबर २०२० ला यासा वनुआ लेवूवरच आदळलं. त्यामुळे चौपाखी, ओटी नाही (ओटीच्या छपराखाली वारा शिरून सगळं उचलतो, ओटी लागलीच तर तिचं छप्पर वेगळं), आणि पत्रा ते वासा ते खांब ते पाया अशी लोखंडी पट्टीची साखळी. स्क्रू स्टेनलेस ३१६ चेच, साधे खाऱ्या हवेत टिकत नाहीत.

विजेची चर्चा लगेच संपली. स्कॉटलंडमधल्या एग बेटावर २००८ पासून लोकांची स्वतःची वीज आहे आणि घरटी ५ किलोवॉटची मर्यादा, मोठा माणूस असो की छोटा. आपण घरटी अर्धा किलोवॉट धरलाय. मोठी मोटर नाही, एसी नाही, तेवढ्यात होतं.

१० जुलै, लम्बासा

आम्ही तिघं पोचलो. पुणे-मुंबई-सिंगापूर-नांदी, मग छोटं विमान. उद्या गावात.

१४ जुलै, लम्बासा

रीत अशी की गावात शिरायच्या आधी यांगोनाच्या (ज्याच्या मुळांचं पेय करतात त्या झुडपाच्या) मुळांची जुडी घेऊन जायची, गावाचा मुखिया म्हणजे तुरांगा नी कोरो तो वडीलधाऱ्यांसमोर नेतो, जुडी ठेवायची आणि का आलोय ते सांगायचं. याला सेवुसेवू म्हणतात. टोपी, गॉगल काढायचा, बायकांनी कमरेला सुलू गुंडाळायचा. लम्बासाच्या काकांनी सगळं आधी समजावलं होतं. नारळाच्या करवंटीतून यांगोना घेतलं, जीभ बधिर होते थोडी. मग दोन तास कोणी विषय काढला नाही, आणि तेही चांगलं वाटलं.

मी आमचे कागद दाखवले. छपरं, टाक्या, माणशी वाटा, पट्टा संपल्यावर सगळं परत. वडीलधारी शांतपणे ऐकत होते. मागे बसलेल्या बायकांमधून एकीने विचारलं, या टाक्या तुमच्या एकट्यांसाठी का?

मग त्यांनी मला शाळा दाखवली. चांगला मोठा पत्रा, पन्हळ एका बाजूलाच आणि तीही मधे तुटलेली, खाली एक टाकी जिला चिरा गेल्यात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बोटीतून पाणी येतं, कधी उशिरा. तोवर गावातली विहीर मचूळ झालेली असते, लहान मुलांना तेच. पत्र्याखाली उभी राहून मी मनात मोजत होते, एका बाजूचा पाऊस नुसता जमिनीवर पडतोय, लाखो लिटर.

पुरंदरमध्ये ज्याच्याकडे जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा होता, कारण तो त्याच पाणलोटात राहत होता. हा नियम आम्ही आमच्या २४ जणांपुरता लावला होता. बेटावर माणसं फक्त आमचीच नाहीत, आणि हे मला त्या बाईंनी सांगायच्या आधी मांडणीत हवं होतं असं आता आम्हा तिघांचंही मत आहे. रात्रीच पुण्याला सविस्तर मेसेज केला.

आणखी एक, टाक्या फेरोसिमेंटच्या बांधायचा विचार सोडून द्यावा लागतोय. कोंबडीची जाळी, सिमेंट, हाताचं काम, स्वस्त आणि आपल्या माणसांना येतं. पण बेटावरची वाळू समुद्राची, तिच्यातलं मीठ जाळी खाऊन टाकेल, आणि गोडी वाळू बार्जने आणायची तर प्लॅस्टिकची टाकी आणण्याइतकाच खर्च.

३ ऑगस्ट, रविवार, कोथरूड

सगळे आले होते. निर्णय लिहिते.

१२ टाक्यांचे पैसे जमलेत, त्यातल्या पहिल्या चार शाळेला आणि गावाच्या हॉलला, नव्या पन्हळी आणि पहिलं पाणी सोडायच्या पाइपसकट. या आपल्याला मिळणाऱ्या परवानगीवर किंवा लीजवर अवलंबून नाहीत. लीज झालं नाही तरी त्या जाणार. यावर एक जण म्हणाला की आधी लीजवर सही होऊ दे, मग टाक्या देऊ, म्हणजे पक्कं होईल. बाकीच्यांनी बराच वेळ समजावलं की पाणी हे सहीच्या बदल्यात द्यायची वस्तू नाही, आणि शेवटी त्यालाही मनापासून पटलं. मतदान करावं लागलं नाही.

उरल्या आठ टाक्या, ८० हजार लिटर. सासवडच्या अनुभवावरून माणशी ४० लिटर, १०० दिवस. म्हणजे २० माणसं बसतात. पाणी गटाने कागदात लिहिलं होतं १६. सोळा माणसांना ६४ हजार लागतात, उरलेले १६ हजार आजारपण, आग, आणि एखाद्या वर्षी पाऊस उशिरा आला तर गावासाठी. त्याची किल्ली गावाच्या मुखियाकडे आणि आपल्याकडे, दोन कुलपं. १६ ठरले.

२४ पैकी आठ जणांनी थांबायचं. चिठ्ठ्या टाकल्या नाहीत, ज्यांची मुलं दहावी-बारावीत आहेत ती कुटुंबं स्वतःच थांबली. श्रीवर्धनचे काकाही थांबले, ते म्हणाले माझं काम इथून सुतारांना शिकवायचं. सासवडचा प्लॉट बंद करायचा नाही, पुढच्या तुकडीने तिथे एक पूर्ण उन्हाळा काढल्याशिवाय जायचं नाही असा नियम केला.

२४ ऑगस्ट

चार टाक्यांची आणि पन्हळींची ऑर्डर लम्बासात गेली, अर्धे पैसे भरले. बार्ज सप्टेंबरच्या शेवटी, म्हणजे नोव्हेंबरच्या पावसाआधी शाळेवर बसलेल्या असतील. बसवायला गावातलेच चौघे तयार आहेत, लम्बासाचे काका त्यांना होडीने जाऊन पाइपचं ड्रॉइंग समजावणार, ते मी मोठ्या अक्षरात इंग्रजीत आणि चित्रांसकट काढून पाठवलं. बुचाच्या भोकाचा आकार तीन मिलिमीटर, हे दोनदा लिहिलंय.

लीजचा अर्ज बोर्डाकडे, कुळाच्या बैठकीची तारीख त्यांच्याकडून कळेल. वादळाचा सीझन संपल्यावर म्हणजे २०२६ च्या मे महिन्यात बांधकामाची पहिली तुकडी, सहा जण. त्यांच्या व्हिसाचे कागद आणि टायफॉइडची लस कोणी बघायची ते बुधवारी ठरवू, स्टेनलेस स्क्रूचं कोटेशन भोसरीहून आलंय, तेही त्याच मीटिंगमध्ये.